दोन वाजता परतणारी जहाजं

सासरे वावरात पडले तेव्हा मी पुसदच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संगणक शिकवत होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा पुण्याकडच्या एका कारखान्यात, सासू-सासरे फुलसावंगीजवळच्या तांड्यात, आणि मी पुसदला माहेरी राहून शिकवायचं, असं आमचं ठरलं होतं. सासऱ्यांना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका दुपारी गेली. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं त्या दिवशी सासू मला म्हणाली, "दोन महिने ये बाई. सोयाबीन निघेपर्यंत."

मी दोन महिन्यांचे कपडे घेऊन आले. त्याला आता पाचवं वर्ष लागलं.

घरात आम्ही आमची बंजाऱ्यांची गोर बोलीच बोलतो. इथे लिहिताना ती वऱ्हाडीत आणते, कारण बाहेरच्यांशी बोलताना तीच तोंडात येते. सासूला मी याडी म्हणते, म्हणजे आई. सासऱ्यांना बाबा. याडीनं पहिल्याच आठवड्यात कामाची वाटणी करून टाकली. "वावर मी पाहतो, म्हातारा तू पाह्य." ती सकाळी भाकरी बांधून निघायची ते दिवस कलल्यावर परत. मधल्या वेळात त्या खोलीत बाबा आणि मी.

बाबा तीस वर्षं ट्रक चालवत होते. कापसाच्या गाठी घेऊन जायचे, येताना मिळेल तो माल आणायचे. आमचे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, आणि तांड्यात बाबांबद्दल म्हणत की ह्याच्या अंगातून ते अजून गेलं नाही. घरी सलग आठ दिवस राहिल्याचं याडीला आठवत नव्हतं. असा माणूस आता खाटेवर पडून समोरच्या भिंतीकडे बघत होता. त्यांच्याकडे तीनच शब्द उरले होते. हाव म्हणजे हो, नाही, आणि चाल. तिसऱ्याचा अर्थ प्रसंगाप्रमाणे बदलायचा. भूक लागली तरी चाल, राग आला तरी चाल.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं होतं. मी एका कागदावर ठळक अक्षरात वेळापत्रक लिहून भिंतीला चिकटवलं. आठ वाजता डावी कूस, दहाला पाठ, बाराला उजवी, दोनला पुन्हा डावी. औषधं, पाणी, पातळ खिचडी, सगळ्याच्या वेळा. सुरुवातीला मी त्या कागदाकडे बघून काम करायची. पुढे कागद बघायची गरज उरली नाही. घड्याळात दोन वाजले की माझे हात आपोआप उठायचे.

इंटरनेटवरचा एक गेम मी कॉलेजात असताना थोडे दिवस खेळले होते, मग विसरले होते. तांड्यात नेटवर्क एकाच खिडकीशी यायचं, तेही इतकं अशक्त की व्हिडिओ गोल गोल फिरत राहायचा. पण हा गेम म्हणजे नुसती पानं होती. आकडे, तक्ते, बटणं. तो चालला. जगभरातले हजारो लोक एकाच अवकाशात खेळत. प्रत्येकाला सुरुवातीला एक ग्रह मिळे. त्यावर खाणी काढायच्या, धातू जमवायचा, कारखाने उभे करायचे, जहाजं बांधायची, मग दुसरे ग्रह वसवायचे. सगळं खऱ्या घड्याळावर. खाण बांधायला चार तास लागणार असं लिहिलं असेल तर खरंच चार तास. मला ते सोयीचं वाटलं. खिचडी शिजत घालावी, बाबांची कूस बदलावी, येऊन बघावं तर खाण झालेली असे.

पहिल्या ग्रहाला मी वावर नाव दिलं. दुसऱ्याला खळं. तिसऱ्याला पाणवठा.

बाबांचं लक्ष तिकडे गेलं ते आवाजामुळे नाही, आवाज नव्हताच. माझ्या तोंडामुळे गेलं असावं. एक दिवस मी खिडकीशी बसून हसले आणि त्यांनी घशातून आवाज काढला. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि सहज सांगितलं, "बाबा, ह्या माह्या गाड्या. माल घेऊन खळ्यावरून वावरात चालल्या. सहा तास लागतील."

त्यांनी डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे नेले.

सहा तासांनी मी मोरीत कपडे धूत होते. आतून जोरात "चाल! चाल!" ऐकू आलं. मी ओल्या हातांनी धावत गेले. त्यांना काही झालं नव्हतं. डाव्या हाताचं बोट लॅपटॉपकडे होतं. गाड्या पोचायची वेळ झाली होती.

तिथून पुढे माझं घड्याळ तेच झाले. कोणती गाडी कुठून निघाली, कधी पोचणार, त्यांच्या डोक्यात पक्कं असे. एकदा मी माल उतरवून जहाजं तशीच परत बोलावली, तर त्यांनी "नाही, नाही" करत गादीवर हात आपटला. मला कळेना. मग त्यांनी मूठ उघडून रिकामा तळवा दाखवला. गाडी रिकामी परत आणायची नसते. मी तिकडून काहीतरी भरून आणायला लागले. याडी संध्याकाळी म्हणायची, "काय करून राह्यले व तुमी दोघं? म्हातारा औषध घ्यायले आता तोंड तरी उघडते."

ते सहा-सात महिने बरे गेले, हे मी लिहायलाच हवं. नंतरचं नंतर.

गेममध्ये मी मोठी झाले तशी माझ्याकडे इतरांची नजर वळली. त्या गेमचा एक नियम सगळ्यांचं आयुष्य खातो. जहाज उडत असेल तोवर त्याला कोणी हात लावू शकत नाही. ते ग्रहावर उतरलं की मात्र कोणीही येऊन फोडावं. म्हणून आपण समोर नसताना जहाजं कुठेतरी उडत ठेवायची आणि ती उतरायच्या क्षणाला स्वतः हजर राहून पुन्हा उडवायची. जितकी जहाजं जास्त, तितकं हजर राहणं जास्त. एकट्याला निभत नाही, म्हणून खेळाडू गट करतात. मीही एका गटात गेले. गटाचा म्होरक्या पोलंडकडचा कोणीतरी होता. सगळे मोडकं इंग्रजी लिहायचे. त्यांना मी पुरुष वाटले आणि मी त्यांना तसं वाटू दिलं. मला ते भाऊ म्हणत.

त्यांची झोपायची वेळ म्हणजे आमची सकाळ. म्हणून पहाटे पाचपासून अकरापर्यंत पहारा माझ्याकडे आला. कोणावर हल्ला येताना दिसला की गटात कळवायचं. मला कोणीतरी जबाबदारी दिली याचा मला आनंद झाला. मग ती जबाबदारी वाढत गेली. बाबांना खिचडी भरवताना फोन वाजायचा. मी एका हातात चमचा आणि एका हातात फोन धरायची. दोनदा वरण करपलं. एकदा लघवीचं भांडं द्यायला उशीर केला आणि बाबा बराच वेळ ओल्यात पडून राहिले. त्यांनी तेव्हा आवाज दिला नव्हता. मी पहाऱ्यावर आहे हे त्यांना माहीत होतं.

माझ्या बहिणीची ओटी भरायची होती, पुसदला. मी गेले नाही. याडीला बाबांचं कारण सांगितलं, बहिणीलाही तेच सांगितलं. खरं कारण हे होतं की त्या दिवशी अकराला माझी जहाजं उतरणार होती.

गेममध्ये सुट्टी घ्यायची सोय होती. सुट्टीचं बटण दाबलं की तुमचे ग्रह गोठून जातात, कोणी हल्ला करू शकत नाही. फक्त त्या वेळी तुमचं एकही जहाज उडत असता कामा नये. आणि माझं कोणतं ना कोणतं जहाज कायम उडतच असायचं. कितीदा तरी त्या बटणावर जाऊन मी परत आले.

दिवाळीत नवरा आला. दोन दिवस त्यानं काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी बसलेली पाहून म्हणाला, "हे काय चालू आहे? गेम खेळून राह्यली का तू?"

"बाबाही पाहतात," मी म्हटलं.

"बाबाले काय समजते त्याच्यातलं? बाबाकडं लक्ष द्यायले तुले घरी ठेवलं, आन्‌ तू हे करत बसली!"

"ठेवलं?"

"म्हणजे... तसं नाही."

"मंग कसं?"

तो बाहेर निघून गेला. चौथ्या दिवशी त्याची गाडी होती. तो वाईट माणूस नाही. कारखान्यात बारा-बारा तास उभा असतो आणि फोनवर आधी बाबांची पाठ कशी आहे तेच विचारतो. पण तो शब्द त्याच्या तोंडून गेला आणि माझ्या डोक्यात राहिला. मला ठेवलं होतं. घरात त्यानं, पहाऱ्यावर त्या लोकांनी. आणि दोन्ही ठिकाणी मला नाही म्हणता आलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात पुसदहून जुन्या सहकारी मॅडमचा फोन आला. यवतमाळच्या एका कॉलेजात संगणकाची जागा निघाली होती, मुलाखत परवा. "येऊन तर जा," त्या म्हणाल्या. मी याडीला विचारलं. कापूस वेचणीचे दिवस होते, बाया मिळत नव्हत्या. तिनं हातातली पाटी खाली ठेवली आणि विचार न करता म्हणाली, "जाय. एक दिवस मी राहतो घरी."

त्याच संध्याकाळी गटाचा निरोप आला. उद्या सगळ्यांनी मिळून एका मोठ्या शत्रूवर जायचं. माझी सगळी जहाजं लागणार होती. ती परवा दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी वावरात परत येणार होती, आणि शत्रू टपून बसणार हे उघड होतं. उतरता क्षणी ती पुन्हा उडवायला हवी होती. मला नाही म्हणता आलं असतं. मी हो म्हटलं. आणि मग मुलाखतीला न जाण्यासाठी काय कारण सांगता येईल याचा विचार मी भाकरी थापताना करत होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

शेवटी मी बाबांना शिकवलं. लॅपटॉप त्यांच्या डाव्या हाताशी, स्टुलावर. तीन बटणं. पहिलं सगळी जहाजं निवडायचं, दुसरं जागेचं, ती मी आधीच भरून ठेवणार होते, तिसरं पाठवायचं. एक लहान जहाज घेऊन आम्ही दुसरा दिवसभर सराव केला. त्यांचं बोट थरथरायचं, माऊस सरकायचा. दुपारी जमेना. संध्याकाळपर्यंत दहातून आठ वेळा जमायला लागलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी म्हटलं, "पुरे बाबा." ते म्हणाले, "नाही." आणखी पाच वेळा त्यांनी केलं.

सकाळी निघताना मी याडीला एवढंच सांगितलं, "त्यांच्या हाताजवळचं हे हलवू नको." आणि कागदाकडे बोट दाखवून म्हटलं, "वेळा ह्याच्यावर लिहून आहेत." याडीला अक्षरं फारशी येत नाहीत, पण आकडे येतात आणि मी प्रत्येक वेळेपुढे कुशीची खूण काढलेली होती.

फुलसावंगीहून पुसद, पुसदहून दुसऱ्या यष्टीनं यवतमाळ. कॉलेजच्या व्हरांड्यात आम्ही वीस-बावीस जण बसलो होतो. अकराची मुलाखत बारालाही सुरू झाली नाही. मी सारखी फोनमध्ये वेळ बघत होते. तिथे नेटवर्क चांगलं होतं, दोन सात झाले की मीच फोनवरून उडवीन असं वाटायला लागलं. पावणेदोनला शिपायानं माझं नाव पुकारलं. "मोबाईल इथं टेबलावर ठेवा मॅडम."

आत चार जण होते. विषयाचे प्रश्न झाले, त्यांची उत्तरं बरी गेली असावीत. माझं लक्ष त्यांच्या मागच्या घड्याळाकडे होतं. मग चष्म्यातल्या बाईंनी माझा अर्ज उलटून पाहिला. "तीन वर्षांची गॅप आहे. काय करत होता तुम्ही?"

"घरी होते."

"म्हणजे काहीच नाही?"

घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी तोंड उघडलं, पण काय सांगावं ते मला कळेना. त्या अर्ज खाली ठेवत "ठीक आहे, या तुम्ही" म्हणाल्या.

टेबलावरून फोन उचलला तेव्हा दोन वाजून चौदा मिनिटं झाली होती. लढाईचा अहवाल येऊन पडला होता. वावरावर काही उरलं नव्हतं. दोन वर्षांत बांधलेलं सगळं आठ सेकंदांत संपलं होतं. गटातून दोन निरोप होते. भाऊ, कुठे आहेस? भाऊ, तू होतास कुठे?

मी घरी फोन लावला. याडी घाबरलेली होती. "कुठं हायस व तू? म्हातारा कसाच करून राह्यला. लय वरडला."

"काय झालं?"

"काही नाही झालं. सकाळपासून थो त्या पेटीवरची नजर काढेना. चांगला होता. दोन वाजले, तुह्या कागदावर हाय तसं मी त्याले दुसऱ्या कुशीवर फिरवलं. भितीकडं. तं वरडायले लागला, चाल, चाल. मले वाटलं पाठ दुखते. मी धरून ठेवलं त्याले, पडन म्हणून."

मी बसस्टँडच्या बाकावर बसले. डोळ्यांसमोर ते चित्र आलं ते अजून जात नाही. बाबांचं तोंड भिंतीला, घड्याळ पाठीमागे, स्टूल पाठीमागे, चांगला हात अंगाखाली दबलेला, आणि याडी आपल्या सगळ्या बळानं त्यांना धरून ठेवते आहे. आणि कागद माझ्या अक्षरातला.

मी पोचले तेव्हा दिवस मावळला होता. बाबांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मला पाहून त्यांनी डोळे मिटून घेतले आणि कडांतून पाणी यायला लागलं. मी खाटेशी बसले. "बाबा, जाऊ द्या. थ्या काही खऱ्या गाड्या नोहत्या."

त्यांनी डोळे उघडले. इतक्या रागानं त्यांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. "नाही," ते म्हणाले. मला माझी चूक कळली. दीड वर्ष मीच त्यांना गाड्या म्हणून सांगत होते, माल चालला म्हणून सांगत होते. त्यांच्याकडे करायला जगात एकच काम होतं आणि ते काम खरं नव्हतं असं मी आता म्हणत होते.

"माही चूक झाली," मी म्हटलं. "कागद मी लिहिला. तुमची नाही, याडीचीबी नाही." बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड उघडलं आणि मी चमचा पुढे केला.

गटातले लोक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वावरावर धातू भरभरून पाठवला. पुन्हा बांध भाऊ, आम्ही आहोत. सकाळचा पहारा तुझाच आहे. मी तो निरोप तीन-चार वेळा वाचला आणि खातं बंद करायचं बटण दाबलं. तिथेही मेख होती. खातं लगेच बंद होत नाही. सात दिवस थांबावं लागतं, आणि त्या सात दिवसांत मन बदललं तर एका बटणावर सगळं परत. पाचला जाग यायची. हात लॅपटॉपकडे जायचा. बाबाही बोट दाखवायचे. चौथ्या दिवशी मी आत गेले, ते बटण समोर होतं. बाबा बघत होते. मी लॅपटॉप बंद करून त्यांना पाठीवर केलं, वेळ झालेली नव्हती तरी. सातव्या दिवसानंतर मी पुन्हा पाहिलं तेव्हा असं कोणतं खातं नाही असं लिहून आलं. मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं. त्यानंतर कित्येक आठवडे ते घड्याळाकडे बघत नसत, आणि मला त्यांच्याकडे बघवत नसे.

यवतमाळची जागा मला मिळाली नाही.

पण त्या एका दिवसानं याडीमध्ये काहीतरी झालं. तिनं तोवर दिवसभर त्या खोलीत काढलाच नव्हता. पेरणीच्या आधी तिनं अर्धं वावर तांड्यातल्या एकाला बटाईनं दिलं आणि मला म्हणाली, "तीन दिवस तू, तीन दिवस मी." नवऱ्याला तिनंच फोनवर सांगितलं, मला सांगावं लागलं नाही. आता मी सोमवार, बुधवार, शुक्रवार पुसदला पुन्हा तासिकेवर जाते. तिच्या दिवशी ती दोन-तीन जणांना बोलावून बाबांना खुर्चीवर बसवून रस्त्याच्या कडेला नेते. माझ्या दिवशी मला ते जमत नाही, मला माणसं बोलवायची लाज वाटते. मग आम्ही दोघं खोलीत असतो. मंगळवारी सकाळी अजूनही पाचला जाग येते आणि कोणावर तरी हल्ला येतो आहे असं वाटून हात फोनकडे जातो. मोकळी झाले असं मला म्हणवत नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. याडी एकदम म्हणाली, "किती होत्या व थ्या तुह्या गाड्या?"

मी सांगितलं, "बाराशेच्या वर होत्या."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "बाराशे? मले सांगतलं काहून नाही? मी थांबलो असतो ना दहा मिनटं."

"तू बरोबर केलं याडी. दोन वाजता फिरवायलाच पाहिजे."

"हाव, पण दहा मिनटानं काय होते?" ती म्हणाली. मग शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि आत बाबांना पाणी द्यायला उठली.